लग्नाची सीडी, काळा पडदा आणि डिव्हएक्सचा इन्स्टॉलर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ताईच्या २००५ सालच्या लग्नाच्या तीन सीड्या घरात आहेत. त्यांतल्या एव्हीआय फाइली विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर लावल्या की मंगलाष्टकं खणखणीत ऐकू येतात, पण पडदा काळा. मित्र म्हणतो, डिव्हएक्सचा इन्स्टॉलर टाक, सगळं चालू होईल. तर तो टाकावा का, त्याचे फायदे-तोटे काय? आणि भावाच्या आयफोनवरचे व्हिडिओही याच लॅपटॉपवर उघडत नाहीत, तेही त्यातच निभावेल का?

नुसतं बघायचं असेल तर टाकू नका. आधी सीड्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या आणि व्हीएलसी हा फुकटचा व्हिडिओ प्लेअर टाका. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण तुम्ही फायदे-तोटे विचारलेत, आणि या भानगडीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. सांगलीत मी २००१ पासून लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. तुमच्या घरी आहेत तसल्या सीड्या मी स्वतः शेकड्याने राइट करून दिल्यात. म्हणजे तुमच्या त्या काळ्या पडद्यात थोडा हात माझ्यासारख्यांचाही आहे.

कोडेक आणि कोडेकचा इन्स्टॉलर या दोन गोष्टी लोक एकच समजतात. कोडेक हा व्हिडिओची घडी घालणारा आणि ती उलगडणारा. मिनी डीव्ही कॅमेऱ्याची एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घेतली की साधारण १३ जीबी जागा खायची. तीच ७०० एमबीच्या सीडीत कोंबायची तर घडी घालणारा तसाच हुशार लागणार, आणि त्या काळी डिव्हएक्स तो होता. ही सगळी हुशारी मोजक्या डीएलएल फाइलींत, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणाऱ्या कोडच्या फाइलींत मावते. इन्स्टॉलर म्हणजे त्या फाइली तुमच्या मशीनवर आणून विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, त्यांची नोंद करणारा. पण नवरदेव कधी एकटा येतो का? सोबत वऱ्हाड असतं: प्लेअर, कन्व्हर्टर, मीडिया सर्व्हर, सारखा अपडेट शोधत बसणारा एक उपद्व्यापी, आणि काही वेळा ज्यांचा या लग्नाशी काडीचा संबंध नाही असे पाहुणे. फायदे जवळजवळ सगळे नवरदेवाचे, तोटे जवळजवळ सगळे वऱ्हाडाचे.

थोडा इतिहास सांगतो, कारण तुमच्या फाइली का दिसत नाहीत याचं उत्तर बहुधा त्यातच आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी मायक्रोसॉफ्टने एमपेग-४ या घडी घालण्याच्या प्रमाण पद्धतीवर आधारलेला एक कोडेक काढला, पण त्याने बनवलेला व्हिडिओ एएसएफ या मायक्रोसॉफ्टच्याच प्रकारच्या फाइलीत ठेवता येईल अशी मेख मारून ठेवली. फ्रान्समधल्या माँपेल्ये गावच्या जेरोम रोता या तरुणाने ती मेख उपटली आणि तोच कोडेक एव्हीआयमध्ये चालेल असा केला. नाव ठेवलं ‘डिव्हएक्स’, पुढे डोळा मारणारा चेहरा. अमेरिकेत त्याच नावाची भाड्याच्या डिस्कची एक योजना १९९९ मध्ये बुडाली होती, तिची ती खोडी. ही आवृत्ती ३.११. पुढे २००० साली सॅन डिएगोत रीतसर कंपनी निघाली. २००१ च्या सुरुवातीला ओपनडिव्हएक्स नावाने नवा लिहिलेला कोड खुला केला, आणि काही महिन्यांतच दार लावून घेतलं. दाराबाहेर राहिलेल्या प्रोग्रामरांनी त्या खुल्या कोडवरून आपला वेगळा कोडेक उभा केला आणि नावाची अक्षरं उलटी लिहिली: एक्सव्हिड. तो आजही मुक्त आहे.

आता ही तीन पिढ्यांची पोरं एकाच ‘.एव्हीआय’ आडनावाने फिरतात. फाइलीच्या आत चार अक्षरांची एक खूण असते, तिला फोरसीसी म्हणतात. ३.११ च्या फाइलीवर डीआयव्ही३, नंतरच्या डिव्हएक्स ५ वर डीएक्स५०, एक्सव्हिडवर एक्सव्हीआयडी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, शेवटच्या दोन जातींचा उलगडा करणारा डिकोडर विंडोजमध्ये आयताच मिळतो. तरीही तुमचा पडदा काळा आहे, म्हणून माझा संशय ३.११ वर. २००५ साली ३.११ म्हणजे शिळी भाजी होती हे खरं, पण गावोगावच्या स्टुडिओंत ती सर्रास वाढली जायची. फुकट होती, कुणी तरी सीडीवर आणून दिलेली होती, आणि चालत होती. चालतंय त्याला हात कोण लावतो?

आता इन्स्टॉलरचे फायदे. ते नाहीतच असं म्हणणं अन्याय होईल.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे असा कोडेक संपूर्ण मशीनला मिळतो. व्हीएलसी आपलं सगळं सामान स्वतःच्या पोटात बाळगतो, शेजाऱ्याला चमचाभर साखर देत नाही. व्हीएलसीमध्ये फाइल छान दिसते, पण व्हर्च्युअलडब या व्हिडिओ कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एखाद्या जुन्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल उघडायची तर त्याला उपयोग शून्य. तिथे विंडोजमध्ये नोंदवलेला कोडेकच लागतो. मी अजूनही एक जुनं मशीन त्यासाठी राखून ठेवलंय.

दुसरा फायदा बनवणाऱ्यांचा, बघणाऱ्यांचा नाही. आपल्याकडे २००४-०५ नंतर घरोघरी आलेल्या बऱ्याच डीव्हीडी प्लेअरांवर डिव्हएक्सचा छाप असायचा. त्या प्लेअरच्या चिपला सगळं झेपत नसे. एमपेग-४ मध्ये क्यूपेल आणि जीएमसी अशा दोन करामती आहेत. त्या चालू ठेवून एक्सव्हिडने फाइल बनवली की कॉम्प्युटरवर मस्त आणि गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर चित्राचा चिखल. डिव्हएक्सच्या एन्कोडरमध्ये तयार प्रोफाइल होते. ‘होम थिएटर’ निवडलं की असल्या करामती आपोआप बंद, बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, आटोक्यात. गिऱ्हाईक सीडी घेऊन परत दारात येत नसे. धंद्यात याची किंमत काय असते ते फक्त लग्नसराईत रात्री दोन वाजता सीडी राइट करणाऱ्यालाच कळेल.

तिसरं, कुठल्याशा अनामिकाने बांधलेल्या कोडेक पॅकपेक्षा, म्हणजे अनेक कोडेकांच्या गाठोड्यापेक्षा, कंपनीचा इन्स्टॉलर बरा. त्याला डिजिटल सही असते, काढून टाकायची सोय असते, विचारायला पत्ता असतो.

तोट्यांत पहिला आमंत्रण नसलेल्या पाहुण्यांचा. हे काही ऐकीव नाही, जगजाहीर आहे. २००२ साली डिव्हएक्स ५ आला तेव्हा त्याची ‘प्रो’ आवृत्ती फुकट हवी असेल तर गेटर नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर सोबत घ्यावं लागायचं. तुम्ही कुठल्या साइटवर जाता हे बघून ते जाहिराती दाखवत बसायचं. पुढे ते गेलं आणि ब्राउझरला चिकटणारे टूलबार आले, आधी गूगलचा, मग याहूचा. २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली तेव्हा तिच्या उत्पन्नात असल्या टूलबारच्या वाटपाचा वाटा होता, म्हणजे तो अपघात नव्हता, धंद्याचा भाग होता. यात एकट्या डिव्हएक्सला धरण्यात अर्थ नाही. त्या दशकात फुकट सॉफ्टवेअर वाटणारे बहुतेक जण हेच करत. खूण मात्र आजही तीच ठेवा: ‘रेकमेंडेड’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय दिसले तर पाहुणे ‘रेकमेंडेड’च्या दारातून आत येतात.

दुसरा तोटा मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो दिसत नाही. विंडोजमध्ये डायरेक्टशो नावाची जुनी व्यवस्था आहे. तिच्यात नोंदवलेल्या प्रत्येक डिकोडरला एक मान दिलेला असतो, त्याला मेरिट म्हणतात. फाइल उघडली की जास्त मेरिटवाल्याला आधी हाक. मग प्रत्येक इन्स्टॉलर काय करणार? आपल्या माणसाला पुढच्या खुर्चीत बसवणार. एका मशीनवर असे तीन-चार पॅक बसले की कुठली फाइल कोण उलगडतोय याचा पत्ता लागत नाही. चित्र उलटं, रंग हिरवट, आवाज अर्धा सेकंद मागे, आणि दोष फाइलीला. मी स्वतः एकदा ऐन लग्नसराईत एडिटिंगच्या मशीनवर एका गिऱ्हाइकाची फाइल उघडावी म्हणून एक कोडेक पॅक टाकला. त्या दिवसापासून टाइमलाइनवरच्या जुन्या क्लिपांचा आवाज चित्रापासून सरकायला लागला. पॅक काढला, तरी त्याच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी मागे राहिल्या. शेवटी विंडोज नव्याने टाकलं आणि दोन लग्नांची डिलिव्हरी आठवडाभर पुढे गेली. तेव्हापासून दुकानात नियमच आहे: तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत कामाच्या मशीनवर नवीन काही टाकायचं नाही.

याच तोट्याचा एक चमत्कारिक नमुना. तासगावकडचा एक गिऱ्हाईक सीपीयू उचलून घेऊन आला. म्हणाला, “मुलीच्या बारशाचा फोल्डर उघडला की विंडोज मरतं. फाइलीला हातसुद्धा लावत नाही हो, नुसता फोल्डर.” दोन तास आम्ही व्हायरस शोधत होतो. कारण भलतंच निघालं. फोल्डर उघडला की विंडोज प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र काढायला जातं, त्यासाठी कोडेकला उठवतं, आणि जुना बिघडका कोडेक उठताना सगळ्यांना घेऊन कोसळतो. फोल्डरची मांडणी ‘डिटेल्स’वर नेली, कोसळणं थांबलं, मग निवांत कोडेक काढला. त्या मशीनवर तीन वेगवेगळे पॅक होते. तिन्ही त्याच्या पुतण्याने टाकलेले, तिन्ही वेळा हेतू चांगला. घरोघरी असा एक पुतण्या असतोच.

तिसरा तोटा ३२ आणि ६४ बिटचा. ३२ बिटचा कोडेक ६४ बिट प्रोग्रामला दिसतच नाही. इन्स्टॉलर ‘यशस्वी’ म्हणतो, तुम्ही प्रोग्राम उघडता, कोडेकचं नाव यादीत नाही. इन्स्टॉलर खोटं बोलत नसतो. त्याने बिऱ्हाड दुसऱ्या वाड्यात टाकलेलं असतं.

आणि इथेच तुमच्या मित्राचा सल्ला फसतो. त्याचा सल्ला विंडोज एक्सपीच्या काळात अगदी बरोबर होता. पण विंडोज ११ मधला नवा मीडिया प्लेअर आणि फोटो अ‍ॅप डायरेक्टशोवर चालत नाहीत. त्यांची व्यवस्था वेगळी, मीडिया फाउंडेशन. डायरेक्टशोसाठी बसवलेला कोडेक त्यांच्या गावीही नसतो. म्हणजे तुम्ही इन्स्टॉलर टाकणार, वऱ्हाड घरात येणार, आणि फाइलीवर डबल क्लिक केलं की पडदा पुन्हा काळाच. फाइल डिव्हएक्सच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये उघडलीत तर कदाचित दिसेल. पण वेगळा प्लेअरच वापरायचा असेल, तर तो व्हीएलसी का नको? त्यात ३.११ सकट या तिन्ही पिढ्या आधीच आहेत, आणि रजिस्ट्रीत कोडेकची कसलीही नोंद न करता.

आयफोनचं दुखणं निराळं आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून नवे आयफोन एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ मध्ये व्हिडिओ घेतात. त्याच वर्षी विंडोज १० च्या शरद ऋतूतल्या अपडेटनंतर मायक्रोसॉफ्टने एचईव्हीसीचा डिकोडर विंडोजमधून काढून स्टोअरमध्ये ठेवला, ९९ सेंट किमतीला. पेटंटांचे पैसे कुणीतरी भरायचे असतात, ते ग्राहकाकडे ढकलले. पण इन्स्टॉलर म्हणून बघाल तर हा नमुना उत्तम आहे: एकच काम करतो, वऱ्हाड नाही, मीडिया फाउंडेशनमध्ये नीट बसतो, त्यामुळे फोटो अ‍ॅपमध्येही चित्र दिसतं. पैसे द्यायचे नसतील तर भावाला फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगा. पुढचे व्हिडिओ एच.२६४ या जुन्या प्रकारात येतील, जागा जास्त खातील, पण कुठेही उघडतील. आधीचे व्हीएलसीमध्ये बघता येतातच.

के-लाइट या कोडेक पॅकबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डिव्हएक्स म्हटलं की पुढचा प्रश्न तोच असतो. आज डायरेक्टशोसाठी पॅक लागलाच तर मी तोच सुचवेन, तोसुद्धा ‘बेसिक’. ‘मेगा’ नाव भारदस्त आहे म्हणून ती उचलू नका. तिच्यातले एन्कोडिंगचे कोडेक तुम्हाला जन्मात लागणार नाहीत. आणि एका वेळी एकच पॅक.

एक धोका मात्र या सगळ्यांपेक्षा मोठा, आणि तो खऱ्या इन्स्टॉलरचा नाही. ‘हा व्हिडिओ बघायला कोडेक डाउनलोड करा’ अशी पाटी एखाद्या साइटने दाखवली तर ती खिडकी बंद करा. झ्लोब नावाचा ट्रोजन, म्हणजे सोंग घेऊन शिरणारा घातक प्रोग्राम, २००५ नंतर नेमका असाच पसरला, खोट्या कोडेकचा इन्स्टॉलर बनून. २००७ मध्ये मॅकवाल्यांनाही हाच प्रसाद मिळाला. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपचा इन्स्टॉलर, येते ना, तीच जुनी चाल, नवं सोंग. खरा कोडेक तुम्ही शोधत जाता. तो स्वतःहून दारात येऊन उभा राहत नाही.

एवढं ऐकूनही डिव्हएक्स टाकायचाच असेल, म्हणजे जुन्या प्लेअरसाठी डिस्क बनवायची असेल किंवा व्हर्च्युअलडबमध्ये काम असेल, तर जुन्या लॅपटॉपवर टाका, कामाच्या नव्हे. आधी रिस्टोअर पॉइंट काढा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत नेता येईल. फाइल कंपनीच्याच साइटवरून घ्या. गूगलवर पहिल्यांदा दिसणारी ‘फ्री डाउनलोड’ साइट बऱ्याचदा जाहिरात असते. उतरवलेल्या फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘डिजिटल सिग्नेचर्स’ बघा. तो टॅबच नसेल तर फाइल डिलीट. इन्स्टॉल करताना प्रत्येक पानावर थांबा, कस्टम निवडा, कोडेक सोडून बाकी खुणा काढा, एव्हीआय फाइली आपल्या नावावर करून घ्यायची परवानगी देऊ नका. शेवटी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन अपडेटवाल्याला घरी पाठवा. अलीकडचे बरेच इन्स्टॉलर स्वतः चिमुकले असतात आणि खरं सामान नेटवरून ओढतात. त्यामुळे आज चालणारी फाइल जपून ठेवली तरी पाच वर्षांनी तीच आवृत्ती मिळेल याचा भरवसा धरू नका.

तुमच्या सीड्यांचं मात्र आजच बघा. वीस वर्षांच्या राइट केलेल्या सीड्या कोडेकची वाट बघत बसत नाहीत, त्यांचा रंगाचा थर उडत जातो. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह कुणाकडून तरी आणा आणि फाइली जशाच्या तशा कॉपी करा. एखादी सीडी अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघा. एकाला न वाचलेली दुसरा निमूट वाचतो, हे मी कितीदा पाहिलंय.

मग ताईला पाठवायला फोनवर चालेल अशी प्रत करायची असेल तर हँडब्रेक हा फुकटचा कन्व्हर्टर वापरा. एच.२६४ निवडा, गुणवत्ता १८ ते २० च्या आसपास ठेवा, हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्यासारख्या रेषा दिसत असतील तर डीइंटरलेस चालू करा. चित्र मोठं करायचा मोह टाळा. ७२०×५७६ चं १०८० केलं तर अंतरपाट मोठा दिसेल, स्पष्ट दिसणार नाही. मूळ एव्हीआय काही झालं तरी पुसू नका. एकदा घडी घातलेल्याची पुन्हा घडी घालताना दर वेळी थोडं गळतं.

मीडियाइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर घ्या, त्यात एक फाइल टाका आणि ‘कोडेक आयडी’ पुढे काय लिहिलंय ते मला कळवा. डीआयव्ही३ निघालं तर माझा संशय खरा. डीएक्स५० निघालं, तर फाइल कॉपी होताना कुठे तरी तुटली असावी. तसं असेल तर त्या सीडीला परत हात लावण्याआधी मला विचारा.